भूक लागते, पण घास नको! बावीस महिन्यांच्या मुलाचं काय करावं?

केळफूल
सोमवार, रात्री ११:१२

नमस्कार मंडळी,

खाण्याच्या तक्रारींचे इथले जुने धागे वाचून काढले. बहुतेकांची तक्रार अशी की मुलाला भूकच लागत नाही. आमच्याकडे भूक लागते, चांगली सणकून लागते. कुकरची शिट्टी झाली की लेक ओट्याशी येऊन ओढणी ओढतो, "मम्मम मम्मम" करतो, ताट दिसलं की टाळ्या पिटतो. खुर्चीत बसवून पहिला घास तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटून मान फिरवतो. दुसरा घास हाताने उडवतो. तिसऱ्याला ताटली जमिनीवर. खाली उतरवलं की पाच मिनिटांत पुन्हा भुकेने भोकाड. शेवटी कोणीतरी बाटली देतं आणि घर शांत होतं.

वय २२ महिने. जन्माचं वजन २.८ किलो, पहिल्या वाढदिवसाला ९, आता १०.१. पळतो, चढतो, बडबड अखंड. खातो ते असं: कोरडी पोळी (तूप लावलेली ओळखतो आणि परत करतो), बटाट्याच्या काचऱ्या, दहीभात, केळं, मारी बिस्किट, पापड. खिचडी दिवाळीपर्यंत आवडीची होती, आता वास आला तरी पळतो. अंडं, डाळ, कुठलीही भाजी: नाही म्हणजे नाही. मोबाईल लावला तर सहा-सात घास जातात, तेही न चावता.

आम्ही दोघं नोकरीवाले, ठाण्यात राहतो. दिवसभर साबा-साबु (सासूबाई-सासरेबुवा) बघतात, त्यांचे उपकारच आहेत. पण रोज संध्याकाळी दार उघडताच "आज काहीच खाल्लं नाही गं" हे ऐकून पोटात गोळा येतो. 'मोठा झाला की खाईल' सोडून काहीही सांगा. पाककृती चालतील, पण धिरड्यांवर माझी पीएचडी झालेली आहे हे आधीच सांगते.

तिखटमीठ
सोमवार, रात्री ११:३०

मम, आमच्याकडेही हेच. आमचं कार्टं अडीच वर्षांचं आहे. वाचतेय.

कडीपत्ता
मंगळवार, सकाळी ७:०५

अगं केळफूल, पीएचडी झाली असली तरी ऐक. तूप-पोळी नको असेल तर पोळीचा मलिदा कर, गरम पोळी मिक्सरमधून काढून त्यात गूळ आणि तूप. तूप दिसतच नाही. भाजणीची रुपयाएवढी थालीपिठं. मुगाच्या पिठात पालक वाटून घाल. दुधी, कोबी, गाजर किसून कणकेत मळ. बीट उकडून डोशाच्या पिठात. सगळं लपवून जातं, पोरांना कळतही नाही. माझ्या दोघांना मी असंच वाढवलंय.

सह्याद्रीकाठ
मंगळवार, सकाळी ९:४१

कळतं हो. आमच्या मुलीला पांढरा डोसा प्रिय होता. त्यात एकदा बीट गेलं, तेव्हापासून डोसा बंद झाला तो पुढचे कित्येक महिने. ज्याच्या खाण्यात सहाच पदार्थ आहेत त्याच्या एका पदार्थावरचा विश्वास घालवणं परवडत नाही. भाजी शेजारी ठेवा, डोळ्यांदेखत. नाही खाल्ली तर नाही. मलिद्यातल्या तुपाला मात्र माझं अनुमोदन, तूप-गूळ पोळीत असतं हे जगाला माहीत आहे.

निवृत्त_सेविका
मंगळवार, सकाळी ११:२०

केळफूल, माझी नोकरी सगळी अंगणवाड्यांच्या पर्यवेक्षणात गेली, सातारा जिल्ह्यात. "पोर जेवत नाही" म्हणणारी आई आली की मी आधी एकच विचारायचे: कालचा दिवस सांग. सकाळी डोळे उघडल्यापासून आज सकाळी डोळे उघडेपर्यंत तोंडात काय काय गेलं? दूध कितीदा, किती, कशातून? चहा? बिस्किटाचे पुडे? जाता येता हातावर ठेवलेलं काय? आया जेवणाचं नीट सांगतात आणि दुधाचं विसरतात, कारण दूध कुणी खाण्यात धरतच नाही. तू लिही. सासूबाईंना विचारून लिही, आणि विचारताना पोलीस होऊ नकोस.

केळफूल
मंगळवार, रात्री १०:५०

काकू, विचारलं. साबांनी मनापासून सांगितलं, आठवून आठवून. कालचा दिवस असा:

६:३० बाटली, २०० मिली. म्हशीचं दूध, चॉकलेटच्या चवीची पावडर घालून.
८:०० साबुंच्या चहात बुडवून दोन मारी.
१०:०० अर्धं केळं, मग घरभर फिरत कुरमुरे.
११:३० जेवण. तासभर चाललं. गॅलरी, लिफ्ट, खालचा कुत्रा, एक घास चिऊचा, एक घास काऊचा. चार घास गेले.
१२:३० झोपताना बाटली, २००.
३:०० उठल्यावर बाटली १५०, पुन्हा बिस्किट.
५:३० बागेत, कुणाच्या तरी डब्यातल्या चिप्स.
७:०० मी आले. मम्मम सुरू.
८:०० जेवण, मोबाईलसकट. पोळीचे तुकडे.
९:३० बाटली २५०.
रात्री दोनच्या सुमारास बाटली १५०.

लिहितानाच काहीतरी कळायला लागलं. बेरीज तुम्हीच करा.

निवृत्त_सेविका
बुधवार, सकाळी १०:०२

९५० मिली. जवळजवळ लिटर. आणि दिवसा त्याच्या तोंडाला तीन तासांची सुट्टी एकदाही मिळत नाही.

त्याला भूक लागते हे खरंच आहे. पण भूक लागली की रडायचं, रडलं की बाटली येते, एवढं या वयाला पक्कं कळतं. चावायचे कष्ट तो कशाला घेईल? ओट्याशी येतो तो भुकेने, ताट नाकारतो ते पुढे काय मिळणार हे ठाऊक असल्यामुळे. पाककृती बदलून हे सुटणार नाही, घड्याळ बदलावं लागेल.

आणि वाढीचा आलेख कुठे आहे? माता-बाल संरक्षण कार्डात असतो, गुलाबी मुलीचा आणि निळा मुलाचा. वजनाचा नुसता आकडा सांगून उपयोग नाही, रेघ कुठे चालली आहे ते बघायचं असतं.

टिंक्चर
बुधवार, दुपारी २:३५

मी बालरोगतज्ज्ञ आहे. इथून निदान करता येत नाही, करणारही नाही. पण सेविकाबाईंनी नेमक्या जागी बोट ठेवलं आहे, त्यात थोडी भर.

आधी वजन. पहिल्या वर्षात मूल जन्माच्या वजनाच्या साधारण तिप्पट होतं. दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. त्यामुळे पहिल्या वाढदिवसानंतर "आधी छान खायचा, आता खात नाही" ही तक्रार ओपीडीत रोज असते आणि बहुतेक वेळा मूल ठणठणीत असतं.

तुमच्या मुलाबद्दल मात्र मी तेवढं निवांत म्हणणार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या आलेखात (त्यासाठी मोजलेल्या मुलांत दिल्लीची मुलंही होती, तेव्हा 'ते परदेशी मुलांचं' हा आक्षेप नको) १२ महिन्यांच्या मुलग्याचं मधलं वजन ९.६ किलो आहे. तुमचा ९ वर होता, उत्तम. २२ महिन्यांना मधलं वजन ११.८ आणि खालची धोक्याची रेषा ९.४. तो १०.१ वर आहे, म्हणजे धोक्याच्या वर, पण मधल्या रेषेपासूनचं अंतर दहा महिन्यांत वाढलं आहे. घाबरू नका, आणि पुढे ढकलूही नका. उंची आणि डोक्याचा घेर मोजून एकत्र बघायला हवं.

आता दूध. या वयाला दिवसाला हजार-अकराशे कॅलरी लागतात. म्हशीच्या सायीच्या दुधातून ९५० मिलीत आठ-नऊशे सहज जातात. त्यात पावडर आणि बिस्किटं धरली तर त्याचा दिवसाचा कोटा ताटाशी येण्याआधीच बहुतेक भरलेला असतो. पण लोहाच्या बाबतीत हात रिकामा. लिटरभर दुधात जेमतेम अर्धा मिलिग्रॅम लोह, आणि दुधातलं कॅल्शियम बाकीच्या अन्नातलं लोह नीट शोषू देत नाही. त्यावर चहा. चहातलं टॅनिन तेच काम करतं. लोह कमी झालं की भूक मंदावते, मूल चिडचिडं होतं, झोप बिघडते. मग ते आणखी कमी खातं आणि घरचे आणखी दूध देतात. हे चक्र मी रोज बघतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, सहा महिने ते पाच वर्षं वयाची ६७ टक्के मुलं रक्तक्षयी आढळली. खाऊनपिऊन सुखी घरं त्यात नव्हती असं समजू नका.

माती, चुना, भिंतीचे पोपडे खातो का? बद्धकोष्ठ आहे का? दोन्ही विचारून घ्या. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) या रक्ततपासण्या करून घ्या. वजनाची गती मंदावली असेल तर लघवीची तपासणीसुद्धा, कारण मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग लहान मुलांत कधी कधी फक्त 'जेवत नाही' एवढंच लक्षण दाखवतो.

त्या पावडरीबद्दल: बहुतेकींमध्ये मोठा भाग साखरेचा असतो. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या वर्गातून काढायला सांगितलं होतं. रात्री दोनच्या बाटलीत ती असेल तर पुढच्या दातांकडेही एकदा टॉर्च मारून बघा.

रोखठोक
बुधवार, दुपारी ४:१०

एवढं पुराण कशाला? दोन दिवस काही देऊ नका, मुकाट खाईल. आमच्या आईने ताट पुढे ठेवलं की खाल्लं, नाहीतर धपाटा. आम्ही काय मेलो?

तिखटमीठ
बुधवार, दुपारी ४:१८

जे मेले ते इथे लिहायला येत नाहीत हो. ह.घ्या.

उंबरठा
बुधवार, रात्री ९:२७

हलकं नाही घेता येत, सॉरी. "भुकेलं पोर उपाशी राहत नाही" हे वाक्य मी सगळ्या नातेवाइकांकडून ऐकलंय. माझी मुलगी राहायची. पाणी पिऊन झोपायची. तिला ओलं-कोरडं एकत्र आलेलं तोंडात सहनच व्हायचं नाही. वरणभाताला उमासे, पोह्यातल्या मोहरीला उमासे, दात घासायला किंचाळ्या, कपड्यांची लेबलं कापावी लागायची. यादी लहान होत होत एक ब्रँडचं बिस्किट, भात आणि सफरचंदावर आली. "लाड केलेत" असं सगळे म्हणत होते. शेवटी एका ऑक्युपेशनल थेरपिस्टने दहा मिनिटांत ओळखलं. आधी हाताने पीठ, रवा, दही चिवडणं, मग ओठाला लावणं, मग चाटून थुंकणं. घास गिळणं फार पुढची पायरी होती. आता शाळेत डबा नेते, डब्यात तीनच पदार्थ आलटून पालटून असतात, पण नेते.

केळफूल, तुझा मुलगा तसा वाटत नाही. दहीभातही खातो, पापडही खातो, म्हणजे मऊ आणि कुरकुरीत दोन्ही चालतं. पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या घरी पदार्थ एकेक करून कमी होत असतील, नवे येतच नसतील, पाणी पिताना ठसका लागत असेल, घास गालात तासन्‌तास राहत असेल, तर 'उपाशी ठेवा' हा सल्ला अजिबात ऐकू नका. खासगी थेरपी परवडत नसेल तर जिल्हा रुग्णालयांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथे चौकशी करा.

टिंक्चर
बुधवार, रात्री ११:०२

उंबरठा, तुमचा प्रतिसाद धाग्याच्या वर चिकटवायला हवा. रोखठोक, दोन जेवणांत अंतर ठेवणं वेगळं आणि उपाशी ठेवणं वेगळं. ज्याचं वजन आधीच रेंगाळलंय त्याला दोन दिवस उपाशी ठेवा असं कोणताही डॉक्टर म्हणणार नाही.

फ्रँकफुर्टचा_बाबा
गुरुवार, पहाटे २:४०

इकडच्या डॉक्टरांनी आम्हाला अमेरिकन आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची वाटणी सांगितली होती. काय, कधी आणि कुठे हे आईबाप ठरवणार. खायचं की नाही आणि किती, हे मूल ठरवणार. माझ्या बायकोला हे ऐकून हसू आलं होतं, कारण आमच्याकडे परंपरेने उलटं: काय खायचं ते मूल ठरवतं आणि किती ते आजी.

पाळणाघरात बघितलंय, दोन-दोन वर्षांची मुलं बुटक्या टेबलाशी बसतात, बाई मध्ये भांडं ठेवतात, स्वतःही तेच खातात. कुणी कुणाला भरवत नाही. एकाने ब्रोकोली थुंकली तर कुणी त्याच्याकडे बघतही नाही. घरी काहीच न खाणारी आमची लेक तिथे मसुराचं सूप पिते. रागच आला होता पहिल्यांदा ऐकून.

घरी आम्ही एवढंच केलं: जेवण आमच्याबरोबर, ताटात एक तरी पदार्थ तिच्या भरवशाचा, बाकीचे चमचाभर. वीस-पंचवीस मिनिटांनी सगळ्यांची ताटं उचलायची, तिचंही. "अजून एक घास" बंद. नवीन पदार्थ दहा-पंधरा वेळा समोर आल्यावर कुठे तोंडात जातो, तोवर तो फक्त ताटात दिसायला हवा. भेंडी तिने किती काळ नुसती चिवडली ते विचारू नका.

आजीची_पुरचुंडी
गुरुवार, सकाळी ८:५५

सगळ्यांनी छान लिहिलंय. आता आजीच्या बाजूने एक.

दिवसभर नातू मीच सांभाळते. संध्याकाळी सून दारात उभी राहते तेव्हा तिचा पहिला प्रश्न असतो, "काय खाल्लं?" "काही नाही" हे सांगताना परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटतं. मग दुपारी चारला हात बाटलीकडे जातो. निदान "दूध प्यायला" असं तरी सांगता येतं. पोर उपाशी राहिलं हा ठपका आमच्या पिढीच्या बाईला सोसत नाही, कारण आमच्यातल्या बऱ्याच जणींनी खरंच उपाशी पोरं बघितली आहेत, कुणी ७२च्या दुष्काळात, कुणी स्वतःच्या घरात.

तेव्हा केळफूल, वेळापत्रक छापून फ्रिजवर लावण्याआधी आठवडाभर एक कर. दार उघडल्यावर खाण्याचं विचारूच नकोस. "आज काय मजा केली?" एवढंच विचार. बाटली आपोआप हलकी होईल बघ. आणि डॉक्टरांकडे सासूबाईंना बरोबर ने. सुनेच्या तोंडून ऐकलेलं टोमण्यासारखं लागतं, डॉक्टरांच्या तोंडून ऐकलेलं औषधासारखं उतरतं.

केळफूल
गुरुवार, रात्री ११:२०

आजी, डोळ्यांत पाणी आलं. मी खरंच रोज तेच विचारते, दार उघडताच. आणि उत्तर ऐकून माझं तोंड पडतं तेही त्यांना दिसत असणार.

शनिवारची वेळ घेतली आहे, आम्ही तिघी-चौघं जाणार. एक शंका: दूध एकदम बंद केलं तर प्रथिनांचं काय? साबांची मुख्य भीती तीच आहे.

टिंक्चर
शुक्रवार, सकाळी ७:४८

बंद करायचं नाही, दिवसाला चारशे, फार तर पाचशे मिलीवर आणायचं. त्यातूनच बारा-पंधरा ग्रॅम प्रथिनं मिळतात आणि या वयाची जवळजवळ तेवढीच गरज असते. दही त्याच हिशेबात धरा. साबांना सांगा, प्रथिनांची चिंता आज तरी सगळ्यात शेवटची.

दूध बाटलीऐवजी पेल्यातून. पेल्यातून मूल आपोआप कमी पितं. वेळ जेवणानंतरची, आधीची नको. सर्वांत आधी दोनची बाटली काढा. रोज थोडी कमी करत शेवटी फक्त पाणी. दोन-तीन रात्री वाईट जातील, शेजाऱ्यांना कल्पना द्या. दोन खाण्यांत अडीच-तीन तासांचं अंतर, मध्ये फक्त पाणी. तीन जेवणं, दोन मधली खाणी. मधलं खाणंसुद्धा बसून, हातात घेऊन फिरत नाही.

प्रमाणाचा अंदाज: प्रत्येक पदार्थाचा वयाच्या दर वर्षाला एक मोठा चमचा. म्हणजे तुमच्या मुलाला दोन चमचे भात, दोन चमचे वरण. आपण वाटीभर वाढतो आणि मग 'काही खाल्लं नाही' म्हणतो.

माडाखाली
शुक्रवार, सकाळी ११:१५

मडगावहून. आमच्याकडे अकराची पेज असते, उकड्या तांदळाची, बरोबर खारातली कैरी नाहीतर सुकट. माझ्या धाकट्याला घट्ट भात नको असायचा, पेज मात्र वाटीला तोंड लावून. त्यात चमचाभर तूप किंवा खोबरेल, आणि मऊ उकडलेल्या माशाचं काटे काढून कुस्करलेलं मांस. शाकाहारी असाल तर मऊ मूग. पेजेत नुसतं पाणी देऊ नका, शितं हवीत, नाहीतर पोट भरतं आणि हाती काही लागत नाही. वरणाच्या वरच्या पाण्याचंही तेच.

कडीपत्ता
शुक्रवार, दुपारी १२:०६

दाण्याचं कूट कसं राहिलं कुणाच्या यादीतून? दहीभातात चमचाभर कूट, काचऱ्यांवर चमचाभर कूट. तो जे खातो त्यातच ताकद वाढव, नवीन पदार्थाची वाट बघत बसू नकोस. लपवू नका म्हणालात, तर हे त्याच्यासमोर घाल, त्यालाच भुरभुरायला दे. फक्त अख्खे दाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं देऊ नकोस गं, श्वासनलिकेत जातात.

सह्याद्रीकाठ
शुक्रवार, दुपारी १२:३०

बघा, मलिद्यापासून कुटापर्यंत आमचं एकमत होत चाललंय. :)

केळफूल
तीन आठवड्यांनंतर, रविवार, दुपारी ३:४०

उशीर झाला कळवायला, माफी असावी.

हिमोग्लोबिन ९.२ निघालं, फेरिटिनही खाली. लघवी स्वच्छ. उंचीची रेघ ठीक आहे. लोहाचं औषध सुरू केलंय, वजनावरून मोजलेला डोस. जंताचं औषधही दिलं. आणि हो, चुना! विचारल्यावर साबुंनी सांगितलं की बाल्कनीच्या कोपऱ्यातला रंग तो नखाने काढून खातो. त्यांना वाटलं खेळतोय.

साबा डॉक्टरांसमोर गप्प होत्या. रिक्षात म्हणाल्या, "मग मी इतके दिवस त्याला दूध पाजून उपाशी ठेवत होते का?" मी काहीच बोलले नाही, त्यांचा हात धरून बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच बाटल्या माळ्यावर टाकल्या. मला वाटलं होतं हळूहळू करू, त्यांनी एकदम केलं. पहिल्या तीन रात्री इमारतीतल्या कुणालाच झोप नव्हती.

आता काय खातो? चमत्कार झालेला नाही. भाजी अजून उडवतो. पण अकरा वाजता बसवलं की दहीभात पूर्ण संपवतो, कूट स्वतः भुरभुरतो (निम्मं खुर्चीवर). वरण पोळीच्या तुकड्याने टिपून खातो, चमच्याने दिलं तर नाही. परवा साबांच्या ताटातला अंड्याचा पांढरा भाग उचलून पळाला आणि पडद्यामागे उभा राहून खाल्ला. त्याच्या स्वतःच्या ताटात ठेवलेलं मात्र तसंच होतं. चहा बंद, साबु सध्या स्वयंपाकघरात उभ्याने पितात. मोबाईल जेवताना बंद आहे, त्याच्या बाबाचा जरा जास्त त्रासाने बंद झाला.

औषध द्यायची नेमकी पद्धत कुणी सांगाल का? थुंकतो, आणि दात काळे दिसायला लागलेत.

टिंक्चर
रविवार, संध्याकाळी ६:१५

ड्रॉपर किंवा सिरिंजने गालाच्या आत, मागच्या बाजूला, थोडं थोडं. दोन खाण्यांच्या मधे, बरोबर लिंबाचं पाणी किंवा संत्र्याची फोड. दुधाबरोबर नको, दुधाच्या आगेमागे तासभर नको. नंतर पाणी पाजून दात पुसा, डाग वरवरचे असतात, जातात. शी काळी होईल, घाबरू नका. हिमोग्लोबिन वर आलं म्हणून औषध थांबवू नका, साठा भरायला पुढे दोन-तीन महिने लागतात. आणि बाटली मुलाच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा, लोहाचा जास्त डोस विषारी ठरतो.

बाल्कनीचा रंग जुना असेल तर खरवडून नवा मारून घ्या. जुन्या रंगात शिसं असू शकतं. पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घाला, रक्तातलं शिसं तपासायचं का ते ठरवतील.

निवृत्त_सेविका
रविवार, रात्री ८:३०

शाब्बास गं. आणि सासूबाईंना माझा नमस्कार सांग. औषध संपलं तरी पाच वर्षांपर्यंत अंगणवाडीत किंवा आशाताईंकडे लोहाचं सिरप मिळतं, आठवड्यातून दोनदा एक मिली. ते कधी सुरू करायचं हे तुझ्या डॉक्टरांना विचार. शहरातल्या बायका अंगणवाडीची पायरी चढत नाहीत, तिथला वजनकाटा तरी वापरा. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, कमी कपड्यांत.

तिखटमीठ
रविवार, रात्री ९:०४

आमच्या कार्ट्याचं दूध मोजलं. ११०० मिली. उद्याच डॉक्टर गाठते. कडीपत्ता, अळिवाचे लाडू देऊ का? त्यात लोह भरपूर म्हणतात.

कडीपत्ता
रविवार, रात्री ९:२२

दे की. अळीव नारळाच्या पाण्यात भिजव दोन तास, नुसत्या दुधात नको. फुगून बुळबुळीत झाले की ओलं खोबरं आणि गूळ घालून मंद आचेवर आटव. वेलदोडा. सुपारीएवढे वळ, त्याहून मोठे नकोत, आणि रोज एकच, नाहीतर पोट सुटेल. औषधाऐवजी मात्र नाही हं, डॉक्टर रागावतील.

टिंक्चर
रविवार, रात्री ९:३१

रागावणार नाही, पण रक्त तपासल्याशिवाय लाडवांवर भिस्त नको. वनस्पतीतलं लोह अंगी लागायला अवघड असतं. लाडवाबरोबर लिंबू सरबत द्या आणि एक लाडू इकडे पाठवा.